गाडीतला टेप आणि मामांची हत्यारे
(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकांकासाठी लेखन मागविल्याची सूचना फलकावर लागली तेव्हा वर्गातील बहुतेक मित्रांनी कविता दिल्या. मला कविता साधत नाही. मला थोडेफार कळते ते मोटारीत टेप बसविण्याचे काम. कारण कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी मी मामांच्या दुकानात असतो आणि माझी फीही त्याच दुकानातून भरली जाते. हा विषय कला शाखेच्या अंकात शोभेल का, अशी शंका मनात आलीच. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घरी जीप, टेंपो नाहीतर ट्रॅक्टर आहे, प्राध्यापक मंडळींकडे मोटारी आहेत, आणि त्या प्रत्येकीत कोणी ना कोणी तारा जोडलेल्या आहेत. त्या कशाने जोडल्या, हे मालकाला सहसा ठाऊक नसते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम शब्दाविषयी. फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेल्या कॅसेटचा जमाना केव्हाच सरला. आता गाडीत बसतो तो शाळेच्या पाटीसारखा काचेचा पडदा, आणि गाणे येते मोबाईलमधून. तरीही आमच्या पेठेत गिऱ्हाईक म्हणते, "टेप बसवायचाय." तेव्हा या लेखातही टेपच.

मामा सातवी शिकलेले आहेत. नवा पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी ते त्याला एकच गोष्ट सांगतात, "आधी इचार, मग काप." विचारायचे ते तारेला. प्रश्न करणे आणि चिंतन करणे या दोहोंसाठी मराठीत एकच शब्द असावा, हे मला मामांच्या या वाक्यामुळे पहिल्यांदा जाणवले. त्यांच्या पेटीतील हत्यारांचेही मग दोन गट पडतात : विचारणारी आणि कापणारी. चांगल्या कारागिराच्या पेटीत पहिल्या गटातील हत्यारे अधिक झिजलेली दिसतात, असे माझे निरीक्षण आहे.

विचारायचे कशासाठी, हे कळण्यास बॅटरीचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. मोटारीची बॅटरी बारा व्होल्टची. कोरड्या हाताने तिची दोन्ही टोके धरली तरी झटका बसत नाही. घरातील २३० व्होल्टला भिणारा माणूस म्हणून तिला किरकोळ समजतो. परंतु हीच बॅटरी स्टार्टर फिरविताना शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह देते, आणि दोन टोकांमध्ये लोखंड आडवे पडले तर त्याच्या कितीतरी पट. अशा प्रवाहात बोटातली अंगठी क्षणात भाजून काढते. मामा कामाला हात लावण्यापूर्वी अंगठी आणि घड्याळ काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवितात. मला आधी तो विधी वाटत असे.

पेटीतून पहिल्यांदा बाहेर निघतो तो दहा नंबरचा पाना. त्याने बॅटरीचे ऋण टोक आधी सोडायचे आणि काम संपल्यावर सर्वांत शेवटी जोडायचे. कारण सोपे आहे. गाडीचा सारा पत्रा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन टोक आधी सोडू गेल्यास पान्याचे दुसरे टोक पत्र्याला टेकण्याचा संभव असतो, आणि मग पाना हाच शॉर्ट. ऋण टोक सुटले की पत्र्याचा बॅटरीशी संबंध तुटतो. पाना कोठेही टेकला तरी ठिणगी नाही.

आता विचारणारी हत्यारे. त्यातील जुने म्हणजे टेस्ट लॅम्प. एका दांड्यात छोटा बल्ब, एका टोकाला सुई, दुसऱ्या टोकाला तारेवर चिमटा. चिमटा पत्र्याला, सुई तारेला. बल्ब पेटला तर तारेत वीज आहे. मामांनी स्वतःचा लॅम्प पाच वॅटचा बल्ब आणि सायकलचा आरा यांपासून केला आहे. अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात सारे वायरिंग एवढ्यावर ओळखता येई.

पाच वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह ओढतो. जुन्या गाडीला त्याचे काहीच नव्हते. आजच्या गाडीत मात्र पुष्कळशा तारा दिव्याच्या किंवा मोटरच्या नसून संगणकाच्या असतात. त्यांतून जाणारा प्रवाह अगदी सूक्ष्म असतो, आणि अशा तारेला बल्ब लावणे म्हणजे चिमणीच्या पाठीवर पोते ठेवणे. आतील सर्किट जळू शकते. म्हणून मल्टिमीटर आला. तो वीज मोजतो पण ओढत नाही म्हटले तरी चालेल. व्होल्ट मोजताना त्याचा स्वतःचा रोध साधारण एक कोटी ओहम असतो.

परंतु मल्टिमीटर आला म्हणून लॅम्प निकामी झाला, असे समजू नये. दोघांची भाषा वेगळी आहे. एखादी तार आतून गंजली, तिचा एकच केस शिल्लक राहिला, तर मल्टिमीटर तिच्यावर खुशाल साडेबारा व्होल्ट दाखवितो, कारण तो तिच्याकडून काही मागतच नाही. त्याच तारेला लॅम्प लावला की बल्ब मिणमिणतो, नाहीतर पेटतच नाही. मल्टिमीटर विचारतो, "वीज आहे का?" लॅम्प विचारतो, "काम करशील का?" आमच्याकडे जाड तारांना आधी मीटर, मग लॅम्प; बारीक तारांना फक्त मीटर.

मीटरचा आणखी एक उपयोग मला विशेष आवडतो. टेपला विजेच्या दोन तारा लागतात. पिवळी तार सदैव चालू असते. घड्याळ आणि आठवण तिच्यावर चालते. लाल तार चावी फिरविली की चालू होते. घाईचा कारागीर दोन्ही एकत्र पिळून बॅटरीला जोडतो. टेप वाजतो, गिऱ्हाईक खूष होऊन जाते, आणि टेप रात्रभर जागा राहतो. समजा तो ०.३ अँपिअर खातो. चोवीस तासांत ७.२ अँपिअर-तास झाले. लहान गाडीची ३५ अँपिअर-तासाची बॅटरी गाडी उभी राहिली तर पाच दिवसांच्या आत रिकामी होते. मालक बॅटरीवाल्याला दोष देतो. मीटर बॅटरीच्या मार्गात अँपिअरवर लावला की चोर सापडतो. गाडी झोपली असताना ०.०५ अँपिअरपेक्षा अधिक आकडा दिसला तर शोध घ्यावा.

कापण्याची गरज आता खरे तर फार उरलेली नाही, हे येथे नमूद करावेसे वाटते. अमेरिकेत पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीने १९३० साली मोटोरोला नावाचा रेडिओ मोटारीसाठी आणला, तेव्हा गाडीत त्याच्यासाठी जागाच नसे. पत्रा भोकलून ती करावी लागे. पुढे जर्मन मानकाप्रमाणे टेपच्या खणाचे माप ठरले : दर्शनी १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. काचेचा मोठा पडदा म्हणजे त्याची दुप्पट उंची. मागच्या जोडणीचेही मानक झाले आणि स्पीकरच्या तारांचे रंगही बाजारात रूढ झाले : पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा राखाडी, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा, आणि काळी रेघ असेल ती ऋण तार. गाडीचा मूळ कपलर आणि नव्या टेपचा कपलर यांच्यामध्ये बसणारी तयार जोडणी दुकानात मिळते. ती वापरली तर गाडीची एकही तार तुटत नाही आणि गाडी विकताना मूळ टेप पुन्हा बसविता येतो. तरीही मूळ कपलर पक्कडीने तोडून तारा पिळणारे कारागीर भेटतात. थोडे पैसे वाचतात ना! तार कापली म्हणून कंपनीने हमी नाकारली, की हेच पैसे मालकाला अनेक पटींनी मोजावे लागतात. कपलर जुळतो म्हणून तारही जुळेल असे मात्र नाही. काही परदेशी गाड्यांत पिवळ्या आणि लाल तारेच्या जागा आपसांत बदललेल्या असतात. तेथे पुन्हा मीटर.

आता जोडण्याची हत्यारे. कावळ्याच्या घरट्यासारख्या पिळलेल्या तारा आणि वर काळी टेप, ही आपल्याकडची सर्वमान्य पद्धत. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डखाली हात घालून पाहावा. टेपचा गोंद पातळ होऊन ओघळतो, टेप सुटते आणि तांबे उघडे पडते. त्यापेक्षा श्रिंक ट्यूब बरी. तार जोडण्यापूर्वी ती ओवून ठेवायची आणि मग गरम हवेने आवळून घ्यायची. ट्यूब ओवण्याचे विसरून आधी जोड करणे ही या धंद्यातील सर्वांत जुनी गंमत आहे.

जोड डाग देऊन करावा की दाबून, यावर आमच्या दुकानात सकाळच्या चहाला वाद होतात. डाग दिलेला जोड चकचकीत दिसतो. परंतु शिसे-कथिलाचा रस तारेच्या केसांमधून वर चढतो आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. जेथे ताठ भाग संपून मऊ तार सुरू होते, तेथे हादऱ्यांनी ती मोडते. दाबून बसविलेल्या थिंबलमध्ये हा दोष नाही. मात्र दाब पुरेसा पाहिजे. साध्या पक्कडीने तो अंदाजाने बसतो. दातेरी कुलपाची क्रिंपिंग पक्कड मिळते, ती पूर्ण दाबल्याखेरीज उघडतच नाही. लाल थिंबल दीड चौरस मिलिमीटरपर्यंतच्या तारेला, निळे अडीचपर्यंत, पिवळे चार ते सहाला. एका निळ्यात सर्व तारा कोंबणाऱ्यांना काय म्हणावे! खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते तेव्हा मामा ही पक्कड मधोमध ठेवतात आणि तिलाच सर्वांत मोठे झेंडूचे फूल वाहतात. माझ्या मते तो मान मीटरचा आहे, पण वडीलधाऱ्यांपुढे बोलता येत नाही.

ॲम्प्लिफायर बसवायचा तर बॅटरीपासून मागच्या डिकीपर्यंत सुमारे पाच मीटर तार न्यावी लागते. येथे गणित करावे. ४० अँपिअर प्रवाह आणि अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली, तर वाटेतच जवळजवळ १.४ व्होल्ट पडतात आणि सुमारे ५५ वॅट उष्णता गालिच्याखाली तयार होते. आठ चौरस मिलिमीटरच्या तारेत ०.४३ व्होल्ट पडतात आणि उष्णता १७ वॅटवर येते. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशीही तार मिळते. ती हलकी लागते, आणि चाकूने केस खरवडला की आत पांढरी दिसते. तीच घ्यायची तर जास्त जाड घ्यावी.

इंजिन आणि बैठक यांच्यामधील पत्र्यातून तार ओढण्यास आमच्याकडे सायकलच्या ब्रेकची तार वापरतात. तिला टोकाशी बांधून हळूहळू ओढून घ्यायचे. त्या भोकात रबराचे बूच, म्हणजे ग्रोमेट, हवेच. गेल्या वर्षी एक जीप दुकानात आली. दुसऱ्या गावी कोणीतरी ॲम्प्लिफायर बसवून दिला होता. तार पत्र्याच्या कडेवरून तशीच नेली होती आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी पत्र्याने तिचे आवरण निम्मे कापले होते. फ्यूज होता, पण ॲम्प्लिफायरजवळ, डिकीत. फ्यूज तारेसाठी असतो, यंत्रासाठी नव्हे. पत्र्याशी शॉर्ट झाला असता तर बॅटरीचा सारा प्रवाह फ्यूजपर्यंत पोहोचण्याआधीच पत्र्यात गेला असता, तार तापून लाल झाली असती, आणि तिच्याशेजारी डिझेलची नळी होती. मालक वडापचा धंदा करतो. गाडीत रोज दहा-बारा माणसे. फ्यूज बॅटरीपासून वीतभर, फार तर हातभर अंतरात पाहिजे.

डॅशबोर्ड उघडण्यासाठी नायलॉनच्या चपट्या पट्ट्या मिळतात. स्क्रूड्रायव्हरने ओरखडे पडतात, म्हणून त्या. जुन्या टूथब्रशची दांडी घासूनही काम भागते. मात्र उघडताना पिवळ्या आवरणाच्या तारा किंवा पिवळा कपलर दिसला तर हात मागे घ्यावा. ती एअरबॅगची जोडणी. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारीत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, तेव्हा ती आता लहान गाडीतही असते. तेथे लॅम्प तर नाहीच, मीटरही लावायचा नाही. ओहम मोजताना मीटर सोडतो तेवढ्या प्रवाहानेही ती उडू शकते. आमच्या धंद्यात न विचारण्याची जागा ही एवढीच.

सर्वांत स्वस्त हत्यार मी मागे ठेवले आहे : भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल. एका स्पीकरच्या दोन तारा उलट लागल्या तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि दोघे एकमेकांची हवा खातात. गाणाऱ्याचा आवाज ऐकू येतो, पण खर्ज नाहीसा होतो. तबला वाजतो आणि डग्गा गायब. गिऱ्हाईक म्हणते स्पीकर हलका आहे, नवा द्या. अशा वेळी टेपपासून तारा सोडवून सेल क्षणभर टेकवायचा. धनाला धन असेल तर पडदा बाहेर उडी मारतो, उलट असेल तर आत बसतो. नवा स्पीकर विकण्याची संधी यामुळे जाते, हे खरे.

ऊसाचा हंगाम सुरू होण्याआधी दुकानापुढे ट्रॅक्टरांची रांग लागते. ट्रॅक्टरला काच नाही, दार नाही; वर ऊन, खाली धूळ, आणि हादरे असे की मोटारीत दहा वर्षे टिकणारा जोड येथे एका हंगामात सुटतो. तेथे डाग चालत नाही, पिळलेली तार तर नाहीच. थिंबल दाबून झाले की मामा प्रत्येक तार हाताने जोरात ओढून पाहतात. सुटली नाही, तरच चालकाला वर बसून गाणे लावायला सांगतात.