शालेय निर्देशक भूमिती

निर्देशक भूमिती ही बिंदूंचे स्थान संख्यांनी दर्शवून भूमितीतील प्रश्न बीजगणिताच्या साहाय्याने सोडवणारी गणिताची शाखा आहे. तिला वैश्लेषिक भूमिती असेही म्हणतात. महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांत ती इयत्ता नववी व दहावीत शिकवली जाते. बालभारतीच्या २०१७ मधील नववीच्या आणि २०१८ मधील दहावीच्या 'गणित भाग २' या पुस्तकांत या विषयाचे स्वतंत्र प्रकरण आहे. नववीत अक्ष, चरण व बिंदू स्थापन करणे, तर दहावीत अंतराचे सूत्र, विभाजनाचे सूत्र व रेषेचा चढ यांचा अभ्यास होतो. प्रस्तुत लेखात या सूत्रांचा अर्थ, गृहपाठात वारंवार आढळणाऱ्या चुका आणि त्या दूर करण्यासाठी घ्यावयाचे साहाय्य यांची माहिती दिली आहे.

इतिहास

फ्रेंच तत्त्वज्ञ व गणितज्ञ रने देकार्त (१५९६–१६५०) यांनी १६३७ मध्ये 'ला जेओमेत्री' हा प्रबंध आपल्या तत्त्वज्ञानविषयक ग्रंथाला जोडून प्रसिद्ध केला. त्यांच्या नावाच्या लॅटिन रूपावरून 'कार्तीय प्रतल' ही संज्ञा आली. त्याच सुमारास पिएर द फर्मा यांनीही स्वतंत्रपणे हीच पद्धत विकसित केली होती. मात्र त्यांचे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर, १६७९ मध्ये छापले गेले. आज शाळेत काढतात तसे परस्परलंब दोन अक्ष व चार चरण देकार्त यांच्या प्रबंधात नाहीत. ऋण निर्देशकांचा मोकळा वापर पुढील काळात रुळला. आयझॅक न्यूटन यांच्या १७०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वक्रांविषयीच्या प्रबंधात तो आढळतो.

मूलभूत संकल्पना

प्रतलावरील आडव्या संख्यारेषेला क्ष-अक्ष, उभ्या संख्यारेषेला य-अक्ष आणि त्यांच्या छेदनबिंदूला आरंभबिंदू म्हणतात. बिंदूचे स्थान (क्ष, य) अशा क्रमित जोडीने दर्शवतात. जोडीतील क्रमाला महत्त्व आहे: (३, ५) आणि (५, ३) हे भिन्न बिंदू आहेत. क्ष-अक्षावरील प्रत्येक बिंदूचा य-निर्देशक शून्य असतो, तर य-अक्षावरील प्रत्येक बिंदूचा क्ष-निर्देशक शून्य असतो. ही दोन विधाने एकमेकांच्या जागी लिहिण्याची चूक सर्रास होते.

प्रमुख सूत्रे

अंतराचे सूत्र हे पायथागोरसच्या प्रमेयाचेच दुसरे रूप आहे. दोन बिंदूंच्या क्ष-निर्देशकांतील फरक ही काटकोन त्रिकोणाची एक बाजू, य-निर्देशकांतील फरक ही दुसरी बाजू आणि बिंदूंमधील अंतर हा त्या त्रिकोणाचा कर्ण होय. म्हणून दोन्ही फरकांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेतले की अंतर मिळते. हा त्रिकोण ज्याच्या डोळ्यांसमोर असतो त्याला सूत्र विसरण्याचे भय राहत नाही.

विभाजनाच्या सूत्रानुसार, प हा बिंदू रेख अब ला म : न या गुणोत्तरात विभागत असेल, तर त्याचा क्ष-निर्देशक (म × ब चा क्ष-निर्देशक + न × अ चा क्ष-निर्देशक) ÷ (म + न) इतका असतो. य-निर्देशकही याच रीतीने मिळतो. म आणि न समान असल्यास हेच मध्यबिंदूचे सूत्र होते.

रेषेचा चढ म्हणजे य-निर्देशकांतील फरकाला क्ष-निर्देशकांतील फरकाने भागून येणारी संख्या. क्ष-अक्षाला समांतर रेषेचा चढ शून्य असतो. य-अक्षाला समांतर रेषेचा चढ ठरवता येत नाही, कारण तेथे छेद शून्य होतो.

सोडवलेले उदाहरण

अ(−१, २), ब(३, ५), क(६, १) आणि ड(२, −२) हे शिरोबिंदू असलेला चौकोन चौरस आहे, असे दाखवायचे आहे.

बाजू अब साठी फरक ४ व ३ आहेत; त्यांच्या वर्गांची बेरीज १६ + ९ = २५, म्हणून अब = ५. बाजू बक साठी फरक ३ व −४, बाजू कड साठी −४ व −३, आणि बाजू डअ साठी −३ व ४ आहेत. प्रत्येक वेळी वर्गांची बेरीज २५ येते. अर्थात चारही बाजू ५ एकक आहेत.

अनेक उत्तरपत्रिकांत उत्तर येथेच संपते. परंतु एवढ्याने चौकोन समभुज आहे इतकेच सिद्ध होते. तो चौरस ठरण्यासाठी कर्ण तपासावे लागतात. कर्ण अक साठी फरक ७ व −१, कर्ण बड साठी −१ व −७. दोन्ही कर्णांच्या लांबीचा वर्ग ५० आहे. चारही बाजू समान आणि कर्णही समान, म्हणून हा चौकोन चौरस आहे. चढांवरूनही पडताळा घेता येतो: अब चा चढ ३/४ आणि बक चा चढ −४/३ आहे. त्यांचा गुणाकार −१ येतो, म्हणजे या बाजू परस्परलंब आहेत.

नेहमीच्या चुका

ऋण चिन्ह: वरील उदाहरणात डअ साठी २ − (−२) = ४ असे हवे. कंस न लिहिल्यास अनेकजण २ − २ = ० असे करतात आणि बाजूची लांबी ३ येते. आकृती काढलेली असल्यास ही चूक लगेच उघड होते.

गुणोत्तराची अदलाबदल: अ(२, ३) व ब(८, १२) यांना जोडणारा रेख १ : २ या गुणोत्तरात विभागणारा बिंदू (४, ६) आहे. म आणि न यांची जागा चुकल्यास (६, ९) हे उत्तर येते. १ : २ या गुणोत्तरात बिंदू अ च्या जवळ असला पाहिजे, परंतु (६, ९) हा ब च्या जवळ आहे. एवढा विचार उत्तर तपासण्यास पुरेसा असतो.

चढातील क्रम: अंशात ज्या बिंदूपासून वजाबाकी सुरू केली, छेदातही त्याच बिंदूपासून ती करावी, अन्यथा चढाचे चिन्ह उलटते.

अपुरे कारण: अब आणि बक यांचे चढ समान आहेत, एवढे लिहून बिंदू एकरेषीय ठरवणे अपुरे आहे. समांतर रेषांचेही चढ समान असतात. ब हा बिंदू दोन्ही रेषांवर आहे, हे लिहिल्यावरच सिद्धता पूर्ण होते.

गृहपाठातील साहाय्य

उदाहरण अडल्यास विद्यार्थी शिक्षक, वर्गमित्र, पालक किंवा मार्गदर्शिका यांचा आधार घेतात. तयार उत्तर उतरवून घेतल्याने वही पूर्ण होते, परंतु परीक्षेत आकडे बदलताच अडचण पुन्हा उभी राहते. 'हे उदाहरण येत नाही' असे सांगण्यापेक्षा दिलेली माहिती, काढलेली आकृती, वापरलेले सूत्र आणि अडलेली पायरी दाखवली, तर मदत करणाऱ्याला नेमका दोष सापडतो.

गणिताचे शिक्षण न झालेल्या पालकांनाही येथे साहाय्य करता येते. आलेख कागदावर १ सेंटिमीटर = १ एकक असे प्रमाण घेऊन बिंदू मांडले की अंतर पट्टीने मोजता येते; वरील चौरसाची बाजू ५ सेंटिमीटर भरते. मोजमाप ही सिद्धता नव्हे, पण गणित कोठे चुकले याची सूचना त्यातून मिळते. जिओजेब्रा या संगणकप्रणालीचाही असा पडताळ्यासाठी उपयोग होतो.

उतरवलेली रीत खरोखर समजली आहे का, हे पाहण्याचा एक सोपा उपाय आहे. प्रत्येक बिंदूच्या क्ष-निर्देशकात एकच संख्या आणि य-निर्देशकात दुसरी एकच संख्या मिळवावी व उदाहरण पुस्तक मिटून पुन्हा सोडवावे. संपूर्ण आकृती केवळ सरकत असल्यामुळे लांबी व चढ बदलत नाहीत, आणि उत्तर बरोबर आले की नाही हे विद्यार्थ्याला स्वतःच ठरवता येते.