कासव झोपलंय, उठवू नका

थंडी सुरू झाली की एक फोन हमखास येतो, तोही रात्री दहानंतर. "मॅडम, कासव तळाशी पडलंय, हलतच नाही. गेलं का हो?" मी नाशिकमध्ये पाळीव प्राण्यांची डॉक्टर आहे. कुत्र्या-मांजरांच्या जोडीला हल्ली कासवंही बरीच येतात, आणि जवळजवळ सगळी एकाच जातीची: डोळ्यामागे लाल पट्टा असलेली 'रेड इअर्ड स्लायडर'. हे कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. दुकानातून तळहातावर मावणारं पिल्लू घरी येतं. पुढे मादी पंचवीस-तीस सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळली तर वीस-तीस वर्षं जगते, हे मात्र विकणारा सांगत नाही.

अशा फोनवर मी आधी एकच विचारते: पाण्याचं तापमान किती आहे? उत्तर बहुतेक वेळा 'मोजलं नाही' असं असतं.

हे कासव दिवसा जागतं आणि रात्री झोपतं. झोपायची जागा त्याचं तेच ठरवतं. कुणी तळाशी दगडाच्या आडोशाला, कुणी पाण्यावर पाय पसरून तरंगत, तर कुणी उन्हासाठी ठेवलेल्या फळीवर मान बाहेर टाकून. पाण्यात झोपलेलं कासव बुडत नाही. झोपेत त्याला प्राणवायू फार कमी लागतो, थोडा तर घशाच्या आतल्या अस्तरातून आणि कातडीतूनही मिळतो. तरी ते फुप्फुसांनीच श्वास घेणारं जनावर आहे, म्हणून मधूनमधून वर येतं, नाक पाण्याबाहेर काढतं आणि पुन्हा खाली जातं. अगदी लहान पिल्लांना वर यायची वाट सोपी हवी, म्हणून त्यांच्या टाकीत पाण्यालगतच टेकायला उतरती जागा ठेवा. पाणी मात्र निदान कवचाच्या रुंदीएवढं खोल असावं. उताणं झालेल्या कासवाला त्याहून उथळ पाण्यात सुलटं होणं अवघड जातं.

झोप आणि आजार यांतला फरक घरच्या घरी ओळखता येतो. झोपलेलं कासव डोळे मिटून शांत असतं, पण सकाळी दिवा लागला की हलतं, खायला येतं. एका बाजूला कलून तरंगणारं, तोंड उघडून श्वास घेणारं किंवा नाकातून बुडबुडे सोडणारं कासव झोपलेलं नसतं; त्याला बहुधा न्यूमोनिया झालेला असतो. सुजलेले डोळे हे बरेचदा 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं लक्षण. अशा वेळी सकाळची वाट न बघता डॉक्टरला फोन करा.

थंडीचं मला जास्त सांगायचं आहे, कारण माझ्याकडे येणारी आजारी कासवं बहुतेक डिसेंबर-जानेवारीत येतात. अमेरिकेच्या थंड भागात ही कासवं तळ्याच्या तळाशी निपचित पडून हिवाळा काढतात. त्याची तयारी त्यांनी आधीच केलेली असते. पोट रिकामं ठेवलेलं असतं. आपल्या दिवाणखान्यातलं कासव असं काही करत नाही. रात्री पाणी गार पडतं, पोटात संध्याकाळचं अन्न तसंच राहतं आणि आजाराशी लढायची ताकद मंदावते. म्हणून पाणी २४ ते २७ अंशांच्या दरम्यान राहावं, त्यासाठी थर्मोस्टॅट असलेला पाण्यातला हीटर घ्या. हीटरला जाळी लावा, नाहीतर कासव त्याला टेकून भाजतं. खाणं सकाळीच द्या. रात्री वीज गेलीच तर टाकीभोवती चादर गुंडाळा, वरून हवा मोकळी ठेवा. उकळतं पाणी ओतू नका.

रात्री अंधारही हवाच. दिवसा दहा-बारा तास अतिनील किरण देणारा दिवा लागतो, कारण काचेतून येणाऱ्या उन्हात ते किरण फारसे उरत नाहीत आणि त्यांच्याशिवाय कवच मऊ पडतं. पण तोच दिवा रात्रभर चालू ठेवणं हा त्याच्या झोपेवर अन्याय आहे. 'लाल बल्ब चालेल, त्याला दिसत नाही' असं दुकानात सांगतात. ते खोटं आहे. कासवांना लाल रंग उत्तम दिसतो. हवेत ऊब द्यायचीच असेल तर उजेड न पाडणारा सिरॅमिक हीटर वापरा. टीव्हीसमोर किंवा रस्त्यावरचा दिवा थेट पडेल अशा ठिकाणी टाकी ठेवू नका. मुलांना रात्री काच ठोकू देऊ नका, आणि टाकीला हात लावल्यावर हात साबणाने धुवायला शिकवा. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे.

हे सगळं स्लायडरबद्दल झालं; चांदणी कासव किंवा आपल्या नदी-विहिरीतलं कासव घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. ते सापडलं तर वन विभागाला कळवा. आणि स्लायडर मोठं झालं, टाकी घाण होते म्हणून ते गोदावरीत किंवा गावच्या विहिरीत सोडू नका. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आपल्या कासवांची जागा आणि अन्न ते बळकावतं. सांभाळणं जमत नसेल तर सांभाळू शकेल अशा माणसाकडे द्या किंवा वन विभागाला विचारा. ज्याला रोज वेळेवर दिवा बंद करायला आणि पाण्याचं तापमान बघायला जमणार नाही, त्याने कासव विकत घेऊ नये, हे मी पिल्लू दाखवायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.