संदेशवाहक यंत्रणेची तीन दशके

घणसोली गाव आगरी-कोळ्यांचे; भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर पिढ्यानपिढ्या पोसलेले. मार्च १९७० मध्ये नवी मुंबई वसविण्यासाठी सिडकोची स्थापना होऊन या पट्ट्यात भूसंपादन सुरू झाले, २००४ मध्ये ठाण्याहून रेल्वे आली आणि ठाणे-बेलापूर मार्गालगत रिलायन्स कॉर्पोरेट पार्क उभे राहिले, तेव्हा या गावाच्या स्थानकावर जावा प्रणाली लिहिणारी तरुण मंडळी उतरू लागली. त्यांच्या विद्येतील एका शाखेचा, अर्थात भिन्न प्रणालींमध्ये संदेशांची ने-आण करणाऱ्या मध्यस्थ यंत्रणेचा, मुंबईशी जुना ऋणानुबंध आहे.

मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांनी ऐंशीच्या दशकात अमेरिकेत टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स स्थापून ‘इन्फर्मेशन बस’ घडविली. पाठविणाऱ्याने केवळ विषय जाहीर करावा, ज्यास तो हवा त्याने नोंदणी करावी आणि उभयतांनी परस्परांचा ठावठिकाणाही जाणू नये, हे तिचे तत्त्व रोखेबाजारातील व्यवहारांना मानवले. १९९७ मध्ये रणदिवे यांची टिब्को ही कंपनी उदयास आली. तत्पूर्वी १९९३ मध्ये आयबीएमची एमक्यूसिरीज अवतरली होती. मात्र प्रत्येक उत्पादनाची बोली निराळी असल्याने एकदा निवडलेल्या कंपनीशी ग्राहक जखडला जाई. १९९८ मध्ये सन कंपनीने जावा मेसेज सर्व्हिस ही सामायिक संहिता प्रसिद्ध केली, ते माझ्या मते या इतिहासातील सर्वांत हितकारक पाऊल होय.

अशी यंत्रणा उभारताना खरी कसोटी लागते ती पोचपावतीची. सरकारी कचेरीत बारनिशीवर अर्ज नोंदला गेला की संबंधित अधिकारी रजेवर असला तरी अर्जदार निर्धास्त परततो. तद्वत टिकाऊ म्हणून पाठविलेला संदेश मध्यस्थ प्रथम आपल्या दप्तरी लिहून ठेवतो आणि मगच प्रेषकास मोकळे करतो. ग्राहक प्रणालीने काम पुरे करण्याआधीच पोच दिली तर ती बंद पडताच संदेश गहाळ होतो. काम पुरे करून पोच देण्यापूर्वी ती कोसळली तर तोच संदेश पुन्हा येतो, आणि रक्कम दोनदा वजा होण्याचा धोका उद्भवतो. म्हणून संदेशक्रमांकाची रुजवात घालणे अपरिहार्य ठरते. वारंवार नाकारलेले संदेश ज्या वेगळ्या रांगेत जमतात, तिची रोजची तपासणी जेथे कोणाच्याच जिम्मेस नसते, तेथे उत्तमोत्तम यंत्रणाही निरुपयोगी होते.

जावा मेसेज सर्व्हिसच्या २००२ च्या १.१ आवृत्तीने संदेश एकाच ग्राहकास देणारी रांग आणि नोंदणी केलेल्या सर्वांस देणारा विषय यांची हाताळणी एकसारखी केली. २०१३ च्या २.० ने लेखन आटोपशीर केले. दरम्यान लिंक्डइनमध्ये जन्मलेल्या काफ्का या संदेशयंत्रणेने, वाचलेला संदेशही ठरावीक मुदतीपर्यंत जतन करण्याची निराळी रीत रूढ केली. पुढे जावा मेसेज सर्व्हिसची संहिता एक्लिप्स फाउंडेशनकडे गेली आणि २०२० मध्ये तिच्या पॅकेजच्या नावातील ‘जावाएक्स’ जाऊन ‘जकार्ता’ आले, त्यामुळे जुन्या प्रणालींना ठिकठिकाणी हात लावावा लागला. रांग, विषय आणि पोच यांचे करार मात्र अबाधित राहिले.