नाट्यमालिकेंतील उसनीं गाणीं

नाटकांत गाणें असावें कीं नसावें, हा वाद मराठी माणसाला नवा नाहीं. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’पासून पात्रानें स्वतःच्या तोंडानें पद म्हणावें, याची संवय मराठी प्रेक्षकाला आहे. चाल दुसरीकडून घेतलेली असली तरी शब्द त्या पात्राचे असतात, प्रसंग त्या पात्राचा असतो. इंग्लंडांतील दूरचित्रवाणीच्या नाट्यमालिकांनीं मात्र एक निराळीच रीत प्रचारांत आणली. तेथें पात्र गात नाहीं. गाणें दुसऱ्याच कोणा गायकाचें, दुसऱ्याच कारणासाठीं रचलेलें, आणि बहुधा प्रेक्षकाला पंचवीस-तीस वर्षें पाठ असलेलें असतें. तें जसेंच्या तसें उचलून नाट्यांत बसवावयाचें. असें उसनें गाणें आणलें म्हणजे नाट्याचें काय होतें आणि गाण्याचें काय होतें, हें पाहण्यास एका मालिकेचें उदाहरण सर्वांत सोईचें आहे.

९ जानेवारी २००६ रोजीं बी. बी. सी.च्या पहिल्या वाहिनीवर ‘लाइफ ऑन मार्स’ नांवाची मालिका सुरू झाली. मॅथ्यू ग्रॅहॅम, टोनी जॉर्डन आणि ॲशली फॅरो या तिघांची ही कल्पना. ती त्यांना १९९८ सालींच सुचली होती, परंतु पोलिसांची गोष्ट आणि काळप्रवास यांची ही खिचडी त्या वेळीं कोणाच्या पचनीं पडली नाहीं. कथा अशी : मँचेस्टर शहरांतील सॅम टायलर नांवाचा पोलीस अधिकारी मोटारींत ‘आयपॉड’ या लहानशा यंत्रावर एक गाणें ऐकत असतो. तो मोटार थांबवून खालीं उतरतो आणि दुसरी मोटार येऊन त्याला उडविते. डोळे उघडतो तों १९७३ साल आहे, अंगावर त्या काळचे कपडे आहेत, जवळ जुन्या घाटाची मोटार उभी आहे. आणि त्या मोटारींतील ‘एट-ट्रॅक’ ध्वनिफितीवर तेंच गाणें चालू आहे. त्याला वेड लागलें आहे, तो रुग्णालयांत बेशुद्ध पडला आहे, कीं खरोखरीच काळांत मागें गेला आहे, या प्रश्नावर पुढचे सोळा भाग उभे आहेत.

या प्रवेशांत गाण्याकडून केवढें काम करून घेतलें आहे, हें नीट पाहिलें पाहिजे. तेहेतीस वर्षांची उडी दाखवावयाची तर पाटी लावतां आली असती, एखाद्या पात्राच्या तोंडीं चार वाक्यें घालतां आलीं असतीं. लेखकांनीं त्यांपैकीं कांहीं केलें नाहीं. गाणें तेंच ठेवलें आणि तें वाजविणारें यंत्र बदललें. प्रेक्षकाच्या कानाला जें अखंड आहे, तें डोळ्याला तुटलेलें दिसतें. आणि या दोहोंच्या मधल्या फटींतून काळ घसरल्याची जाणीव होते. दुसरी सोय अशी कीं, हें गाणें दोन्ही काळांत राहूं शकतें. डेव्हिड बोवीचें हें गीत ‘हंकी डोरी’ या संग्रहांत डिसेंबर १९७१ मध्यें आलें, आणि त्याची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाली ती जून १९७३ मध्यें, म्हणजे कथेंतल्या त्याच वर्षीं. ती इंग्लंडांत खपाच्या यादींत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. तेव्हां १९७३ सालच्या मोटारींत हें गाणें वाजणें सर्वथा संभवनीय आहे. ऐतिहासिक नाट्य रचणाऱ्यांना हा हिशेब ठेवावाच लागतो. पोशाखांतली चूक एखाद्या जाणकाराच्या ध्यानांत येते. गाण्यांतली चूक त्या काळीं तरुण असलेल्या हजारों लोकांच्या ध्यानांत येते.

या गीताची स्वतःची जन्मकथाही उसनवारीचीच आहे, ही एक मौजेची गोष्ट. १९६७ सालीं क्लोद फ्रान्स्वा या फ्रेंच गायकानें ‘कोम दाबित्यूद’ हें गीत गाइलें. त्याला इंग्रजी शब्द लिहिण्याचें काम १९६८ सालीं बोवीकडे आलें. त्यानें शब्द लिहिले, पण ते कोणी पत्करले नाहींत. पुढें पॉल अँका यानें त्याच चालीवर निराळे शब्द बसविले आणि १९६९ सालीं फ्रँक सिनात्राच्या आवाजांत ‘माय वे’ जगभर गाजलें. हातचें गेलेलें गीत दुसऱ्याचें भाग्य उजळून गेलें, याचा सल बोवीच्या मनांत राहिला; आणि त्याच ढंगाच्या स्वरक्रमावर त्यानें कांहीं चिडून, कांहीं थट्टेनें आपलें गीत रचलें. संग्रहाच्या वेष्टनावर सिनात्राचा ‘फ्रँकी’ असा लाडका उल्लेख करून त्यानें तें ऋण मान्यही केलें आहे. लंडनच्या ट्रायडेंट ध्वनिमुद्रणगृहांत पियानो वाजविला रिक वेकमन यानें. ज्या पियानोवर १९६८ सालीं बीटल्स मंडळींचें ‘हे ज्यूड’ वाजलें, तोच हा पियानो. तंतुवाद्यांची रचना मिक रॉन्सन याची. गाणें संपत आलें असतां कोठें तरी दूर टेलिफोनची घंटा वाजलेली ऐकूं येते. मुद्रणगृहांतला तो अपघात तसाच राहूं दिला आहे.

मंगळावर जीव आहे काय, असा प्रश्न करणाऱ्या या गीतांत एक तरुण मुलगी घरीं भांडून चित्रपटगृहांत जाऊन बसते आणि समोरचा चित्रपट तिला शिळा, कंटाळवाणा वाटतो. पडद्यावरचें जग आणि आपलें जग यांत खरें कोणतें, हा त्या गीताचा गाभा. सॅम टायलरचाही प्रश्न तोच आहे. म्हणून मालिकेला नांव देतांना लेखकांनीं केवळ एक गाजलेला मथळा उचलला, असें म्हणतां येत नाहीं. दुसऱ्या सत्राच्या अखेरीस, १० एप्रिल २००७ रोजीं दाखविलेल्या भागांत, सॅम आपल्या काळांत परत येतो. तेथें त्याला कांहींच जाणवेनासें होतें, आणि इमारतीच्या छपरावरून तो स्वतःला झोंकून देतो. त्या क्षणीं हेंच गाणें पुन्हां येतें. पहिल्या भागांत जें अपघाताचें गाणें होतें, तें शेवटच्या भागांत निवडीचें गाणें होतें. स्वर एक, शब्द एक. बदलला आहे तो ऐकणारा.

मालिकेचें स्वतंत्र संगीत एडमंड बट यांचें आहे, आणि त्याभोंवतीं त्या काळचीं रॉक गीतें पेरलेलीं आहेत. रॉक हा शब्द इकडे कोणत्याही गोंगाटाला लावण्यांत येतो. तो अन्याय आहे. विजेवर चालणारी गिटार, मोठा ढोलताशा आणि पुढें येऊन गाणारा एक आवाज, एवढ्या सामग्रींत इंग्लंडच्या कारखानी शहरांतील मुलांनीं १९६० ते १९८० या काळांत विलक्षण विविधता निर्माण केली. १९७३ सालचें इंग्लंड सुखी नव्हतें. त्याच वर्षाच्या अखेरीस कोळशाची टंचाई इतकी झाली कीं, १ जानेवारी १९७४ पासून कारखान्यांना आठवड्यांतून तीनच दिवस वीज देण्याची पाळी सरकारवर आली. या अंधाऱ्या, धुरकट शहरांत गाणारे मात्र चमकीचे कपडे आणि चेहऱ्यावर रंग लावून रंगमंचावर येत. जीन हंट हा मालिकेंतला पोलीस प्रमुख, फिलिप ग्लेनिस्टर यांनीं रंगविलेला, पुरावा शोधण्यापेक्षां ठोसा मारणें पसंत करणारा. त्याची मोटार भरधाव निघाली कीं मागें गिटार गर्जते आणि प्रेक्षकाला नकळत त्याचा आवेश आवडूं लागतो. येथेंच या पद्धतीचा धोका आहे. गाणें गोड असतें म्हणून काळ गोड वाटूं लागतो; त्या काळांत स्त्री-पोलिसांची होणारी हेटाळणी आणि कैद्यांना होणारी मारहाण त्या ठेक्यांत विरून जाते. जॉन सिम यांनीं उभा केलेला सॅम मध्यें मध्यें कपाळाला आंठी घालतो, म्हणून तोल कसाबसा राहतो. कांहीं भागांत तो राहिलेला नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

उसन्या गाण्यांची ही युक्ति या मालिकेनें शोधून काढली असें मात्र नव्हे. डेनिस पॉटर या नाटककाराचा मान पहिला. १९७८ सालच्या त्याच्या ‘पेनीज फ्रॉम हेवन’ मध्यें गाण्यांच्या छापील प्रती विकणारा एक फिरता विक्रेता आहे. तो आणि इतर पात्रें एकाएकीं तोंड हलवूं लागतात, आणि बाहेर येतो तो १९३० च्या सुमाराच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेंतला आवाज. मनुष्याची आकांक्षा आणि त्याचें प्रत्यक्ष जिणें यांतलें अंतर याहून सोप्या रीतीनें क्वचितच कोणी दाखविलें असेल. दुसरें उदाहरण १९९६ सालच्या ‘अवर फ्रेंड्स इन द नॉर्थ’ चें. न्यूकॅसलच्या चार मित्रांची १९६४ पासून १९९५ पर्यंतची ही नऊ भागांची कथा ओअॅसिस या मंडळाच्या ‘डोंट लुक बॅक इन अँगर’ या गीतावर संपते. तें गीत तेव्हां जुनें नव्हतेंच. शेवटचा भाग लागला त्याच सुमारास तें खपाच्या यादींत पहिलें होतें. कथा वर्तमानाला येऊन भिडली, हें त्या एका निवडीनें कळलें.

या इंग्रजी गीतांपैकीं एकाचा धागा थेट महाराष्ट्रांत येऊन पोंचतो. ‘द हू’ या मंडळाचें ‘बाबा ओ’रायली’ हें १९७१ सालचें गीत. त्यांतले ‘बाबा’ म्हणजे पुण्यास १८९४ सालीं जन्मलेले आणि नगरजवळ मेहेराबाद येथें ज्यांची समाधि आहे ते मेहेरबाबा. गीतकार पीट टाऊनशेंड हा त्यांचा अनुयायी. ‘रायली’ हा अमेरिकन संगीतकार टेरी रायली. लहानसा स्वरसमूह पुन्हां पुन्हां वाजवून त्यांतून गुंगी निर्माण करण्याची त्याची पद्धत टाऊनशेंडनें उचलली. हा रायली पुढें किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचा शिष्य झाला. गीताच्या शब्दांत मात्र दोहोंपैकीं एकाचेंही नांव नाहीं. १० जुलै १९२५ पासून १९६९ सालीं देह ठेवीपर्यंत मौन पाळणाऱ्या साधूच्या नांवानें रॉक संगीतांतलें एक अत्यंत कर्णभेदक गीत ओळखलें जावें, हा योग चमत्कारिक खराच. ‘सी. एस. आय. : न्यूयॉर्क’ या अमेरिकन मालिकेनें २००४ पासून २०१३ पर्यंत तेंच शीर्षकगीत म्हणून वाजविलें, आणि ‘लाइफ ऑन मार्स’ ची अमेरिकन आवृत्ति २००८ सालीं निघाली, तेव्हां तिच्या पहिल्या भागाचें नांवच या गीताच्या आरंभींच्या शब्दांवरून ठेवण्यांत आलें.

इतर देशांनीं ही मालिका घेतली तेव्हां त्यांना एक गोष्ट लगेच उमगली : कथा नेतां येते, गाणें नेतां येत नाहीं. बोवीचें गीत ऐकून स्पेनच्या प्रेक्षकाला स्वतःचें बालपण कसें आठवावें? म्हणून २००९ सालच्या स्पॅनिश आवृत्तीला नाचा पॉप या माद्रिदच्या मंडळाच्या ‘ला चिका दे आयेर’, म्हणजे ‘कालची मुलगी’, या गीताचें नांव दिलें. रशियन आवृत्ति २०१२ सालची. तींत नायक १९७९ च्या सोव्हिएत मॉस्कोंत जाऊन पडतो, आणि नांव आहे ‘चंद्राची दुसरी बाजू’. पिंक फ्लॉइड मंडळाच्या विख्यात संग्रहाची आठवण देणारें. खुद्द इंग्लंडांत २००८ ते २०१० मध्यें आलेल्या उत्तरार्धानें ‘ॲशेस टु ॲशेस’ हें नांव घेतलें. तें बोवीच्याच १९८० सालच्या गीताचें, आणि त्या गीताच्या चित्रफितींतला पांढऱ्या तोंडाचा विदूषक मालिकेंत नायिकेचा पाठलाग करीत राहतो.

आतां व्यवहाराची बाजू. एका गाण्याचे दोन मालक असतात. शब्द व चाल यांचा हक्क गीतकाराचा किंवा त्याच्या प्रकाशकाचा; प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा हक्क मुद्रिका काढणाऱ्या कंपनीचा. नाट्यांत तें वापरावयाचें तर दोघांचीही परवानगी लागते. बी. बी. सी. सारख्या संस्था हक्कदारांच्या संघांशीं एकत्रित करार करून ठोक रक्कम देतात. त्यामुळें स्वतःच्या वाहिनीवर प्रक्षेपण करतांना प्रत्येक गाण्यासाठीं निराळी घासाघीस करावी लागत नाहीं. इंग्लंडच्या मालिकांत जुन्या गाण्यांची जी रेलचेल दिसते, तिचें एक कारण हें आहे. अमेरिकेंत तशी सोय नाहीं. ‘मॅड मेन’ मालिकेच्या मे २०१२ मधील एका भागांत बीटल्सचें ‘टुमारो नेव्हर नोज’ वाजलें, त्यासाठीं सुमारें अडीच लाख डॉलर पडल्याचें वृत्तपत्रांत आलें होतें.

ठोक कराराची सवलत प्रक्षेपणापुरती. मालिका तबकड्यांवर विकावयाची किंवा परदेशीं पाठवावयाची म्हटली कीं पुन्हां करार, पुन्हां पैसे. न परवडल्यास गाणें काढून त्या जागीं स्वस्त संगीत घालतात, आणि प्रेक्षकाच्या हातीं निराळीच कृति पडते. अमेरिकेंतील ‘द वंडर इयर्स’ या मालिकेचें हेंच झालें. तिच्या आरंभीं शेफील्डच्या जो कॉकरनें गाइलेलें बीटल्सचें गीत वाजत असे. १९९३ सालीं संपलेली ही मालिका गाण्यांच्या हक्कांमुळें २०१४ पर्यंत तबकड्यांवर येऊं शकली नाहीं. मध्यंतरीं ती नेटफ्लिक्सवर दिसली ती कॉकरच्या आवाजावांचून, दुसऱ्याच गायकाच्या तोंडीं तें गीत घालून. ‘लाइफ ऑन मार्स’ मधून बोवीचें गाणें असें काढलें तर पहिला प्रवेशच उभा राहणार नाहीं. आणि हा प्रश्न लवकर मिटणारा नाहीं. बोवी १० जानेवारी २०१६ रोजीं वारला. त्याच्या गीतांचे हक्क जानेवारी २०२२ मध्यें वॉर्नर चॅपेल या प्रकाशन संस्थेनें विकत घेतले. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणें ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीपासून सत्तर वर्षें, म्हणजे या मुद्रणाचा २०४१ च्या अखेरपर्यंत, आणि गीताचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षें, म्हणजे २०८६ च्या अखेरपर्यंत चालणार आहे.