गोष्ट आणि तात्पर्य

गोष्टीच्या शेवटी तात्पर्य लिहिण्याचा प्रघात तुम्हां सर्वांच्या परिचयाचा आहे. उत्तरपत्रिकेत दोन ओळींचे तात्पर्य उतरले म्हणजे गोष्ट समजली, अशी आपली समजूत असते. परंतु हे तात्पर्य ठरवितो कोण, आणि ते सर्वकाळ तसेच राहते काय, याचा विचार क्वचितच होतो. तो येथे थोडक्यात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम पंचतंत्र घेऊ. अमरशक्ती राजाच्या तीन मंदबुद्धी पुत्रांना सहा महिन्यांत नीतिशास्त्रात निपुण करण्याची प्रतिज्ञा विष्णुशर्म्याने केली आणि त्यासाठी या कथा सांगितल्या, असे ग्रंथारंभीच म्हटले आहे. मित्र कसा पारखावा, शत्रूपासून कसे जपावे, दुर्बळाने बलवानापुढे कसे टिकावे, हे राजपुत्रांना शिकवावयाचे होते. सशाने सिंहाला विहिरीतील त्याचेच प्रतिबिंब दाखवून बुडविले. या कथेत 'खोटे बोलू नये' असा उपदेश शोधू गेल्यास तो हाती लागणार नाही. ही व्यवहारचातुर्याची नीती आहे.

सहाव्या शतकात हा ग्रंथ इराणात पहलवी भाषेत गेला व आठव्या शतकात अरबीत उतरला. करटक व दमनक हे कोल्हे तेथे कलीला व दिम्ना झाले. परंतु केवळ नावेच बदलली नाहीत. मूळ कथेत सिंह व बैल यांची मैत्री कपटाने मोडणारा दमनक शेवटी सुखाने मंत्रिपद भोगतो. अरबी ग्रंथात मात्र एक नवे प्रकरण जोडले गेले. त्यात दिम्नाची चौकशी होते व त्याला देहदंड मिळतो. कपटी सुटून जावा, हे नव्या सांगणाऱ्यास रुचले नाही. कथा तीच, पण तात्पर्य उलटे झाले!

इसपच्या गोष्टींचेही असेच. इसप हा प्राचीन ग्रीसमधील गुलाम होता, अशी परंपरा सांगते. १८२८ साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी मुंबईत त्या गोष्टी मराठीत आणल्या, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्या शाळेतील मुलांच्या हाती राहिल्या. गुलामाच्या तोंडची मानलेली कथा अशा रीतीने वर्गातील धडा झाली.

आता आपल्या घरची गोष्ट पाहू. काऊ आणि चिऊ यांची गोष्ट ज्याने ऐकली नाही असे मराठी मूल विरळाच. तेराव्या शतकातील 'लीळाचरित्र' या महानुभाव ग्रंथातही ती आढळते. तेथे चिऊच्या जागी साळै आहे. काऊचे शेणाचे घर पावसात वाहून जाते, चिऊचे मेणाचे टिकते. काऊ दार ठोठावतो. चिऊ बाळाचे न्हाऊमाखू सांगत त्याला बाहेर थांबविते. काही घरांत काऊ शेवटी तापल्या तव्यावर भाजतो, काही घरांत चिऊ दार उघडते. आळश्याचे घर वाहून जाते, असे याचे तात्पर्य सामान्यतः काढले जाते.

परंतु आपण वैनगंगेच्या खोऱ्यात राहतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस या नदीला महापूर आला, तेव्हा बालाघाट, गोंदिया व भंडारा या जिल्ह्यांतील कितीतरी घरांत पाणी शिरले. मातीच्या भिंती महापुरापुढे टिकत नाहीत. त्या बांधणारे आळशी होते काय? शेणामातीचे घर हे पुष्कळदा आळसाचे नव्हे, ऐपतीचे माप असते. पूर पाहिलेल्या गावात या गोष्टीचे तात्पर्य 'घर पक्के बांधावे' एवढेच उरत नाही. 'दार लवकर उघडावे' हेही होते.

याचा अर्थ तात्पर्य लिहूच नये, असा नाही. ते लिहिण्यापूर्वी गोष्ट कोणी सांगितली, कोणासाठी सांगितली आणि तीत कोण बाहेर भिजत राहिले, हे तीन प्रश्न विचारावेत. या सुट्टीत आजीला काऊचिऊची गोष्ट पुन्हा सांगावयास लावा. शेजारी पोवारी वा हिंदी बोलली जात असेल, तर तेथेही विचारा. चिऊने दार केव्हा उघडले, ते प्रत्येक घरी नीट ऐका. मग तात्पर्य स्वतःच्या शब्दांत लिहा. ते पुस्तकातल्यापेक्षा निराळे निघाले, तरी बिचकू नका.