तिथे लवकर उशीर होतो

न्यूयॉर्कच्या जुन्या यँकी स्टेडियममध्ये ऑक्टोबरच्या दुपारी सूर्य गॅलऱ्यांमागे कलू लागला, की फलंदाजाभोवती सावली पडायची आणि डाव्या बाजूच्या क्षेत्ररक्षकाच्या मात्र थेट डोळ्यांवर ऊन यायचं. चेंडू सावलीतून उन्हात कधी आला ते कळायचंच नाही. त्या जागेबद्दल बेसबॉलपटू योगी बेरा म्हणाला, "तिथे फार लवकर उशीर होतो."

हसू येतं. पण यात चूक काढून दाखवा! घड्याळात लवकर, उजेडात उशीर. दोन मापं त्याने एका वाक्यात कोंबली आणि मधला खुलासा गाळला, एवढंच. जे समोर दिसतंय ते काय समजावायचं?

बेरा 1925 साली सेंट लुईसमध्ये, इटलीहून आलेल्या कुटुंबात जन्मला. नाव लॉरेन्स, शाळा आठवीपर्यंत. मांडी घालून बसायची त्याची ढब बघून मित्राला चित्रपटात दिसलेला भारतातला योगी आठवला, आणि तेच नाव चिकटलं. खेळाडू म्हणून दहा वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिका, जिंकणाऱ्याला भोळसट कोण म्हणेल? त्याची जागा कॅचरची, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखी. संघातले बाकीचे आठ जण फलंदाजाकडे तोंड करून उभे. अख्खं मैदान समोरून बघणारा हा एकटाच. मला वाटतं, बोलतानाही तो तिथूनच बोलायचा.

मित्राला घरचा पत्ता सांगताना तो म्हणाला, "रस्त्याला फाटा फुटला, की तो घ्या." कुठला? कुठलाही. माँटक्लेअरमधल्या त्याच्या घरी दोन्ही रस्ते पोचत होते.

खरीखुरी गफलतही आहे. 1947 साली गावकऱ्यांनी सत्कार केला, तेव्हा हा समारंभ 'शक्य' केल्याबद्दल आभार मानायचे होते. तोंडून गेलं 'आवश्यक' केल्याबद्दल. पुढे तर कुणाचंही वाक्य त्याच्या नावावर खपू लागलं. गर्दी फार म्हणून हल्ली कुणी जात नाही अशा हॉटेलचा विनोद त्याच्याआधीच छापून आला होता. "मी जे जे बोललो ते सगळं मी बोललेलो नाही," हा त्यावरचा त्याचा खुलासा.

सर्वांत गाजलेलं वाक्य 1973 चं. तो न्यूयॉर्क मेट्सचा मॅनेजर, संघ गटात तळाला, लोकांनी आशा सोडलेली. "संपत नाही तोवर संपलेलं नसतं," असं त्याचं म्हणणं. ऑगस्टअखेर तळाला असलेल्या त्या संघाने गट जिंकला, वर्ल्ड सिरीज गाठली आणि ती सातव्या सामन्यापर्यंत नेली. तिथे ऑकलंडने हरवलं, तेव्हा संपलं.