खाई त्याला खवखवे, पण खातो काय?



"खाई त्याला खवखवे" ही म्हण आपण उठता-बसता वापरतो. अर्थ असा, की ज्याने काही गैर केलं त्याला ते आतून बोचत राहतं. नाव न घेता कोणी सहज बोललं तरी तोच आधी दचकतो. "चोराच्या मनात चांदणं" ही हिची सख्खी बहीण.

पण खायचं काय? तर सुरण, अळू, शेवळं असल्या भाज्या. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. भाजी कच्चट राहिली की ते जिभेला नि घशाला टोचतात. घास खाताना बरा लागतो, खवखव मागाहून. त्यामुळं चोरून खाल्लं तरी लपत नाही, खाकरणारा सापडतोच!

आता जरा स्पष्ट बोलतो. गेल्या आठवड्यात ग्रुपवर बारीक आसाच्या जाळ्यांचा विषय निघाला. बोटुकली उचलली जातायत, ही तक्रार रास्तच आहे. एक सभासद म्हणाले, "माझ्याकडं बोट कशाला दाखवता?" लगेच तिघा-चौघांनी ही म्हण टाकली. झालं, निकाल लागला! ते भाऊ दोन दिवस कुणाचा फोन घेईनात.

हे मला पटलेलं नाही. घरात बायकांना विचारा. चिंच घालून नीट शिजवलेला सुरण सहसा खवखवत नाही. म्हणजे मुरलेला माणूस खाऊन ढेकर देतो नि गप्प बसतो. उलट ज्याने सुरण नुसता सोलला, तोंडात घातलाही नाही, त्याच्या हाताला खाज सुटते. तेव्हा कोण चिडला यावरून कोणी खाल्लं ते ठरत नाही. जाळं कुणाचं बारीक ते आस मोजून कळेल. रविवारी सकाळी सगळ्यांची मोजू, माझं पहिलं.

जाता जाता, पहिल्या पावसात पालघर-जव्हारकडच्या बाजारात शेवळं येतात. विकणाऱ्या बायका सोबत काकडं देतात, ती हिरवी आंबट फळं. ती टाकून देऊ नका. ठेचून त्यांचा रस भाजीत घाला, म्हणजे खवखव मरते. चिरण्याआधी हाताला तेल लावा. आणि भाजीत मूठभर सोडे हवेतच, त्याशिवाय शेवळांना मजा नाही.

– सचिव